ठिकाण क्रमांक चार

पाणी सुकतीला लागलं की शेवंतीबाय डोर्लेकर
लुगडं खोचून चिखलात उतरायची.
मागे मी,
गुडघाभर रबरी बूट, खांद्याला बर्फाची पेटी,
खिशात न पुसणाऱ्या शाईचं पेन.

मी पाय टाकीन तिथे रुतायचे.
ती म्हणायची, "बोटांवर चाल, टाचंवर नको."
खारशेतच्या खाडीत मी शिकलेली ही पहिली गोष्ट.
प्रबंधात ती नाही.

चार वर्षं. दर पुनवेला, दर अवसेला
तिच्या पाटीतल्या मूठभर तिसऱ्या
माझ्या पिशवीत आल्या.
पैसे घेतले नाहीत तिने.
"पोरगी शिकतेय तर शिकू दे," एवढंच.
मी लेबल लावलं: ठिकाण ४, तारीख, क्षारता, तापमान.

एकदा तिने सांगितलं होतं,
वरच्या कारखान्यांचं पाणी कधी येतं ते.
अवसेच्या उधाणाला, रात्री दोननंतर.
आधी घशात खवखव,
मग सकाळी तिवरांच्या मुळांत
पोट वर केलेल्या बोया.
मी ऐकलं, मान डोलावली.
तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

मांस सोललं, वाळवलं, आम्लात विरघळवलं.
यंत्राने आकडे दिले. कॅडमियम. शिसं.
आलेख चढत गेला, सुंदर,
मार्गदर्शक म्हणाले तसं, खरंच सुंदर.
लिहिताना लाज वाटते,
पण त्या दिवशी मी प्रयोगशाळेत पेढे वाटले.

निबंध परदेशात छापून आला.
वाचायला बत्तीस डॉलर पडतात.
ठिकाण ४ तिथे एक काळा त्रिकोण आहे.

पाचव्या वर्षी बांधलेला प्रबंध घेऊन गेले.
धक्क्यावर बसून ती तिसऱ्या फोडत होती.
हात पदराला पुसून तिने तो उचलला,
माल तोलतात तसा तोलला.
"दीड किलो भरंल."
मग कोयती बाजूला ठेवून,
"काय गावला तुला?"

मी सुरू केलं. सरासरी. मर्यादा.
अधिक संशोधनाची आवश्यकता.
माझं संपेपर्यंत ती थांबली.
"ता ऱ्हांवदे. नातवाला घालू का नको?"

पाणी चढत होतं.
चार वर्षांत हा प्रश्न मी कुणाला विचारला नव्हता,
यंत्राला तर नाहीच.
नको म्हणाले, तर उद्या बाजारात
खारशेतचं नाव ऐकून गिऱ्हाईक पुढे जाईल,
आणि चाळीस घरांच्या चुली या चिखलावर पेटतात.
घाल म्हणाले तर.
घाल म्हणायला जीभ उचलेना.

"लहान पोरांना नको," मी म्हटलं.
"मोठ्यांचं मला अजून नीट सांगता येत नाही."

ती पाटीकडे बघत राहिली.
एक तिसरी अजून तोंड मिटून होती.
"ह्या तुला कधी कळला?"

दुसऱ्या वर्षी.
दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये, सकाळी अकराच्या सुमाराला.
तेव्हा त्या नातवाला
दातही आले नव्हते.

ओरडली असती तर बरं झालं असतं.
तिने प्रबंध उघडला, नकाशा शोधला,
त्रिकोणावर ओलं बोट ठेवलं.
"ह्याला बायांचा जुवा म्हनतात. लिव."
मी लिहिलं. कागद तिथे फुगला.
"शनवारी सोसायटीच्या शेडमदी ये.
बाकीच्या बायांना तूच सांग, माज्या तोंडान नको.
शिव्या घालतील. ऐकून घे.
आनी मंगळवारी अवस हाय.
रातच्या दोनला बाटल्या घेऊन ये."

परतीच्या एसटीत
मांडीवरच्या वहीत मी नवा रकाना आखला.
किती रुंद ठेवायचा ते कळेना.
बूट आणू नको, असंही म्हणाली होती.